‘समजलं का?’ म्हटलं की सगळी ‘हो’ म्हणतात, तेव्हा काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हडपसरच्या पुढे शाळा, पहिलीचा वर्ग, पटावर ३४ मुलं. जूनपासून तुम्ही रोज अर्धा तास गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवताय, रोज नवीन. मुलं रमतात, ‘बाई, अजून एक’ म्हणतात. पण ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘हो’ येतं आणि दोन दिवसांनी त्या गोष्टीतला एकही शब्द कुणाच्या तोंडी नसतो. त्यात मुख्याध्यापकांचं म्हणणं, आधी अक्षरं पक्की करा, गोष्टी शनिवारी. रोज किती शब्द शिकवावेत, फळ्यावर अर्थ लिहून द्यावेत का आणि मुख्याध्यापकांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात २६ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. आता नव्या शिक्षिकांच्या वर्गात मागे बसते, बघते, तास संपला की त्यांच्याशी बोलते. तुम्ही वाचन सुरू केलंत आणि टिकवलंत, हे फार मोलाचं आहे. ते बंद करू नका. अडतंय ते दुसरीकडे. एक तर गोष्ट वाचून झाल्यावर मुलं बोलत नाहीत, फक्त हुंकार देतात. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: शब्द एकटा येत नाही. तो प्रसंगाबरोबर येतो, विषयाबरोबर येतो, त्याच्या गोतावळ्यातल्या दुसऱ्या शब्दांबरोबर येतो. सोमवारी हत्ती, मंगळवारी परी, बुधवारी आगगाडी असं झालं तर शब्दाला मुक्काम करायला जागाच मिळत नाही. तेव्हा ‘रोज किती शब्द’ याऐवजी ‘एका विषयावर किती दिवस राहू’ असा प्रश्न मनात धरा.

काही गोष्टी मात्र तुमच्याच वर्गात बसून ठरवाव्या लागतील. मुलांच्या घरी कोणती भाषा आहे, किती जणांची अंगणवाडी नीट झालीय, शेवटच्या ओळीतल्या मुलाला पुस्तकातलं चित्र दिसतं का, शेजारच्या वर्गात पाढे चालले की तुमचा आवाज पोचतो का. पंधरा मुलांत दहा मिनिटांत होणारं काम ३४ मुलांत वीस मिनिटं घेतं. मी पुढे जे सांगते ते या हिशेबाने कमीजास्त करून घ्या.

आधी मुख्याध्यापकांचा मुद्दा घेऊ. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. अक्षरं हवीतच, आणि रोज हवीत. पण १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अक्षरओळख म्हणजे दोर आणि पोहरा. तो मजबूत हवा. पण आड भरतो कानाने, आणि पहिलीच्या वयात तर जवळपास कानानेच.

तिसरीतला एक मुलगा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. बिबवेवाडीत राहणारा, हुशार. माझ्यापुढे उभा राहून त्याने वाचलं: ‘नांगरट झाली. उन्हाने ढेकळं तापली. पहिल्या पावसात ती विरघळली.’ कुठे अडखळला नाही. जोडाक्षरंसुद्धा सरळ म्हटली. मी विचारलं, ‘ढेकळं म्हणजे काय रे?’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘ढेकूण.’ नांगरट त्याला माहीत नव्हती. म्हणजे तीनही वाक्यं त्याने बिनचूक वाचली, आणि त्याच्या डोक्यात तापलेले ढेकूण पावसात विरघळत होते. त्या दिवशी मला नीट उमगलं की देवनागरी आपल्याला फसवते. जसं लिहिलंय तसं बरंचसं वाचता येतं, त्यामुळे दुसरी-तिसरीपर्यंत मूल घडाघडा वाचू लागतं आणि आपण समजतो की काम झालं.

माहितीचा वाचनाशी किती जवळचा संबंध आहे, यावर १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी केलेला एक अभ्यास मी शिक्षिकांना नेहमी सांगते. सातवी-आठवीतली ६४ मुलं घेतली, त्यांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगला ठाऊक असलेली मुलं त्या वर्णनात वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपण बेसबॉलच्या जागी क्रिकेट धरू. ‘फिरकी’, ‘पायचीत’, ‘धावबाद’ हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर सामन्याची बातमी ठेवा आणि जिने कधी सामना पाहिलाच नाही अशा पहिल्या नंबरच्या मुलीसमोर ठेवा. कोण समजून वाचेल, हे तुम्हीच सांगू शकाल. पहिलीतलं मूल स्वतः ‘कमल नमन कर’ एवढंच वाचू शकतं, त्यातून ना माहिती मिळते ना शब्द. त्याच मुलाचा कान मात्र धरण, दुष्काळ, मधमाश्या, हेवा, पश्चात्ताप हे सगळं घेऊ शकतो, कुणी वाचून दाखवलं तर. ऐकून समजण्याची ताकद साधारण सातवी-आठवीपर्यंत वाचून समजण्याच्या पुढेच राहते. ती वर्षं वाया घालवायची नसतात.

मुख्याध्यापकांना कागदोपत्री आधार हवा असेल तर तोही आहे. केंद्र सरकारच्या, २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषा विकास हा पायाभूत साक्षरतेचाच घटक धरलेला आहे. तुम्ही वाद घालू नका. अक्षरांचा तास वेगळा, रोजचा, नेमाचा ठेवा आणि वाचनाची वीस मिनिटं त्याच्या शेजारी मागून घ्या. एकाने दुसऱ्याचा वेळ खाल्ला नाही असं दिसलं की विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

आता शब्दांकडे येते. फळ्यावर अर्थ लिहू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण सुरुवातीची सहा-सात वर्षं मी तेच केलं. ओळ वाचायची, थांबायचं, ‘घनदाट म्हणजे?’ म्हणायचं, स्वतःच ‘खूप दाट’ असं उत्तर द्यायचं, फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. एका पानावर पाच वेळा थांबायचं. गोष्टीतला लांडगा झोपडीच्या दाराशी यायचा आणि मी तिथे ‘जर्जर म्हणजे जुना’ सांगत उभी. मुलांचा जीव दाराशी अडकलेला असायचा, त्यांना जर्जरशी काही देणंघेणं नव्हतं. वर्षअखेरीला मी त्या वह्यांतले शब्द विचारले तेव्हा फार थोडे शिल्लक होते. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला म्हणून अर्थ कळत नाही. अर्थ कळायला तो शब्द चार ठिकाणी भेटावा लागतो.

मग मी पुस्तकामागे तीन किंवा चारच शब्द निवडू लागले. कोणते निवडायचे याबाबत अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची शब्दांच्या तीन थरांची कल्पना मला फार उपयोगी पडली. पहिल्या थरात चेंडू, पळणे, भूक असे रोजचे शब्द येतात. ते मूल घरातूनच आणतं, त्यांना वेळ देऊ नका. तिसऱ्या थरातले शब्द एकेका विषयाचे: परागकण, विसर्ग, कालवा. ते त्या विषयात शिकवायचे. मधला थर आपल्या कामाचा. बिचकणे, हळहळणे, न्याहाळणे, कुजबुजणे, आटापिटा, संकोच, तरतरीत. हे शब्द रोजच्या बोलण्यात कमी येतात, पण कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही विषयात भेटतात. मुलाला त्यामागची कल्पना ठाऊक असते, नाव नसतं. घाबरून मागे सरकणं त्याने केलेलं असतं, ‘बिचकणं’ त्याने ऐकलेलं नसतं.

शब्दांबरोबर वाक्याची घडणही कानावर पडावी लागते, हे आपण विसरतो. घरी आपण ‘बाबा आले की’ म्हणतो, पुस्तक ‘बाबा येताच’ म्हणतं. ‘जरी... तरी’, ‘जणू’, ‘इतक्यात’, ‘म्हणूनच’ हे बहुतेक पुस्तकातूनच कानावर येतं. म्हणून पुस्तक सोपं करून सांगू नका. जसं लिहिलंय तसंच वाचा. गोष्ट सांगणं हीही मोठी कला आहे, ती जरूर करा, पण ती वेगळ्या वेळी. वाचताना लेखकाची भाषा मुलांपर्यंत जाऊ द्या.

एक शब्द कसा घ्यायचा ते जरा सविस्तर सांगते. पुस्तकात वाक्य होतं, ‘ती मुंग्यांची रांग न्याहाळत बसली.’ पहिल्यांदा वाचताना मी थांबले नाही. आवाज न तोडता म्हटलं, ‘न्याहाळत बसली, अगदी बारकाईनं, वेळ घेऊन बघत बसली,’ आणि पुढे गेले. गोष्ट संपल्यावर त्या पानावर परत आले. सगळ्यांनी शब्द मोठ्याने म्हटला, कारण जो जिभेवर बसला नाही तो मनातही बसत नाही. मग सांगितलं, ‘आता आपापला तळहात न्याहाळा.’ वर्ग शांत झाला. कुणाला तीळ सापडला, कुणाला शाईचा डाग. नंतर विचारलं, ‘घरी कोण, कधी, काय न्याहाळतं?’ एक मुलगी म्हणाली, ‘आई मंडईत वांगं न्याहाळते. भोक आहे का बघते.’ एक मुलगा म्हणाला, ‘दुकानदार पाचशेची नोट न्याहाळतो, उजेडात धरून.’ मी उलट विचारलं, ‘बस सुटतेय, तुम्ही पळताय, तेव्हा बस न्याहाळता का?’ ‘नाही!’ ‘का नाही?’ ‘वेळ कुठंय!’ तिथे शब्द पक्का झाला. शब्द कुठे चालतो हे कळलं आणि कुठे चालत नाही हेही कळलं. या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यानंतरचं काम तुमचं. आठवडाभर तुम्ही स्वतः तो शब्द वापरायचा. ‘कुणाची वही मी आज न्याहाळू?’ मी दारापाशी एक सुतळी बांधली होती. निवडलेला शब्द मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून चिमट्याने तिला लावायचा, नुसता शब्द, अर्थ नाही. मधल्या सुट्टीला जाताना एखाद्याला अडवून ‘यातला एक शब्द घालून काहीतरी सांग आणि जा’ म्हणायचं. वाचता न येणारी मुलंही चिठ्ठीची जागा लक्षात ठेवून शब्द ओळखायची.

आठवड्याला चार शब्द धरले तर वर्षाला शंभर-सव्वाशे होतात. ते कमी वाटतील. पण बाकीचे शब्द मुलं न शिकवता उचलतात, तुम्ही वाचत असलेल्या मजकुरातून, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा ऐकताना. म्हणून रोज नवीन पुस्तक नको. एक पुस्तक तीन-चार दिवस चालू द्या. पहिल्या दिवशी फार न थांबता, गोष्टीच्या ओघात. दुसऱ्या दिवशी निवडलेले शब्द आणि ‘का’चे प्रश्न. तिसऱ्या दिवशी चित्रं दाखवत मुलांनी सांगायचं, तुम्ही वाक्य अर्धवट सोडायचं आणि त्यांनी पुरं करायचं. चौथ्या दिवशी वाटलं तर नाटक. मुलांना त्याच गोष्टीचा कंटाळा येत नाही. म्हातारी भोपळ्यात बसून निघाली की ‘टुणूक टुणूक’ शंभराव्यांदाही त्याच जोरात येतं. कंटाळा येतो तो आपल्याला.

आता ‘समजलं का?’ या प्रश्नाबद्दल. याला ‘हो’ हे एकच उत्तर आहे, मुलांनाही ते ठाऊक असतं. त्याऐवजी असं काही विचारा ज्याचं उत्तर देताना वाक्य बोलावं लागेल. ‘आजीने दार का उघडलं नसेल?’ ‘तू असतास तर?’ ‘तुला कसं कळलं की तो घाबरलाय?’ आणि विचारून झाल्यावर थांबा. मनात पाच आकडे मोजा. सुरुवातीला ते पाच आकडे फार लांब वाटतात, पण लाजरी मुलं त्याच वेळात वाक्य जुळवत असतात. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या पालकांना साधारण महिनाभर अशाच संवादी वाचनाची सवय लावून पाहिली: मुलाला बोलतं करायचं, त्याच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हणायचं. नेहमीच्या पद्धतीने पुस्तकं ऐकणाऱ्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्यात पुढे गेली.

३४ मुलं प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत, हे खरंच. त्यासाठी ‘शेजाऱ्याला सांग’ ही युक्ती आहे. प्रश्न विचारला की जोडीजोडीने एकमेकांकडे तोंड करायचं आणि अर्धा मिनिट बोलायचं. गलका होतो, होऊ द्या. तेवढ्यात तुम्ही दोन-तीन जोड्यांपाशी वाकून ऐका. उद्या दुसऱ्या जोड्या. एरवी तुमच्याकडे पाच हुशार मुलांचीच उत्तरं येतात आणि वर्गाला समजलं असं वाटत राहतं.

आता विषयाबद्दल, माझा सगळ्यात आवडता भाग. एका पावसाळ्यात मी पहिलीला पंधरा दिवस ‘पाणी’ एवढंच घेतलं. शाळा नदीपासून चालत दहा मिनिटांवर होती. पहिलं पुस्तक एका आजीचं होतं, जिच्या आडाचा दोर तुटतो. चित्र दाखवून मी विचारलं, ‘इथे काय झालंय?’

‘दोरी तुटली,’ कुणीतरी म्हणालं.

‘हो, दोर तुटला आणि पोहरा आडात पडला. आता आजी काय करेल?’

‘दुसरा आनंल.’

‘दुसरा दोर आणेल. पण बुडालेला पोहरा? तो वर कसा येईल?’

मी मनात मोजत होते. मागच्या ओळीत बीडकडून नुकताच आलेला एक मुलगा होता. वडील बांधकामावर. दोन महिन्यांत तो वर्गात जवळजवळ बोलला नव्हता. तो हळूच म्हणाला, ‘गळ टाकून काढत्यात.’ वर्ग त्याच्याकडे वळला. गळ म्हणजे काय? मासे पकडायचा? तो उठला, फळ्यापाशी आला आणि खडूने एक कडं काढलं, त्याला चहूबाजूंनी वाकडे आकडे. ‘ह्याला दोर बांधायचा आन आडात फिरवायचा. पोहरा आडकतो.’ सांगताना त्याचा हात गोल फिरत होता, खरंच दोर धरल्यासारखा. पुस्तकात तो शब्द नव्हता. त्या दिवशी सुतळीवर चिठ्ठी लागली, ‘गळ’, आणि ती त्याच्या हाताने लागली. ‘काढत्यात नाही, काढतात म्हण’ असं मी त्याला म्हटलं असतं तर तो पुन्हा बोलला नसता. मी फक्त एवढंच म्हणाले, ‘म्हणजे गावाकडे गळ टाकून पोहरा काढतात. बघा, आम्हाला माहीतच नव्हतं.’ प्रमाण रूप त्याच्या कानावर पडलं, बस.

त्यानंतर पाऊस कसा पडतो याचं माहितीचं पुस्तक आलं. गोष्टींइतकीच माहितीची पुस्तकं वाचा, बहुतेक वर्गांत ती वाचलीच जात नाहीत. मग टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चार धरणांची नावं आली, कारण मुलांच्या नळाचं पाणी तिथून येतं. आणि एका सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन गेले. पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला होता, खडकवासल्यातून मुठा नदीत विसर्ग वाढवल्याची बातमी होती. सहा वर्षांच्या मुलांना बातमी वाचून दाखवायची, हे वेडेपणाचं वाटेल. पण आड, पोहरा, धरण, पात्र हे शब्द त्यांच्याकडे आता होते, त्यामुळे नवे शब्द दोनच उरले. विसर्ग म्हणजे सोडणं, धरणातून पाणी सोडणं. ‘दुःख’मधल्या त्या दोन टिंबांनाही विसर्गच म्हणतात, हे त्यांना फार आवडलं. आणि क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. आंघोळीची बादली १५ लिटरची धरली तर एका सेकंदात जवळजवळ दोन बादल्या. आम्ही टाळी वाजवून सेकंद मोजला: टाळी, दोन बादल्या, टाळी, दोन बादल्या. मग मी म्हटलं, दहा हजार क्युसेक असेल तर एका टाळीत जवळपास १९ हजार बादल्या. आकडा त्यांना कळला नाही, त्याचा दांडगेपणा कळला. दुसऱ्या दिवशी दोन मदतनीस पालकांना घेऊन उंच पुलाच्या कठड्यामागून आम्ही मुठा बघितली. कुणीतरी म्हणालं, ‘बाई, नदी फुगलीय.’ लगेच दुसरी म्हणाली, ‘विसर्ग केलाय ना!’

पंधरा दिवसांच्या शेवटी मी ती म्हण सांगितली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आता त्यांना आडही माहीत होता आणि पोहराही. ‘हे माणसं एरवी कधी म्हणत असतील?’ विचारल्यावर एक मुलगी जरा वेळाने म्हणाली, ‘आईकडेच पैसे नसले तर मला कुठून देणार.’ सहा वर्षांची पोर. पंधरा दिवस एका विषयात राहिलो म्हणून ती तिथवर आली. एका दिवसाच्या गोष्टीने ती आली नसती.

तुमच्या हडपसर भागातून तर खडकवासल्याचा उजवा कालवा जातो. विषय दाराशी आहे. पाणी नको असेल तर भाजी घ्या, मुंग्या घ्या, घर बांधणं घ्या. पालक बांधकामावर असतील तर ओळंबा, थापी, वाळू चाळणं हे शब्द मुलंच तुम्हाला शिकवतील.

घरच्या बोलीबद्दल थोडं. तुमच्या वर्गात सोलापूरचं ‘कोरड्यास’ असेल, कुणाचं ‘कालवण’, कुणाची ‘आमटी’. भाजीला कुणी ‘माळवं’ म्हणत असेल. पुस्तकात शब्द आला की ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ हे नक्की विचारा. एका वस्तूची तीन नावं असू शकतात, हे कळणं हाच शब्दांबद्दलच्या कुतूहलाचा आरंभ असतो. घरी कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांना पहिले तीन-चार महिने मराठीत बोलायची सक्ती करू नका. शेजाऱ्याला त्यांच्या भाषेत सांगू द्या, चित्रावर बोट ठेवू द्या. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा ऐकण्याचा सगळ्यात जास्त उपयोग याच मुलांना होतो.

पुस्तकांची अडचण तुम्ही लिहिलीच आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीत भरपूर चित्रपुस्तकं मोफत आहेत. प्रोजेक्टर असेल तर चित्रं मागच्या ओळीपर्यंत पोचतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही मोफत वाचता येतात. ते मोठ्या मुलांसाठी आहे, पण त्यातले निसर्गावरचे छोटे लेख निवडून वाचता येतात. निवडताना माझी एकच कसोटी असते. आदल्या रात्री पुस्तक मी मोठ्याने वाचते. त्यात मला स्वतःला विचारावंसं वाटलं असं काहीच नसेल, मुलांना जे आधीच ठाऊक आहे तेच गुळगुळीत भाषेत पुन्हा सांगितलेलं असेल, तर ते बाजूला ठेवते.

परिणाम दिसायला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत धीर धरा. तोवर एक साधी वही करा. आठवड्याला तीन मुलांना वेगवेगळं बोलवून वाचून झालेल्या गोष्टीचं एक चित्र दाखवा, ‘सांग’ म्हणा आणि जे बोलतील ते जसंच्या तसं, तारखेसह लिहून घ्या. सुधारू नका. त्या पंधरवड्यात एका मुलीचं मी लिहून घेतलं होतं: ‘आजी. पानी. पडला.’ जानेवारीत तेच चित्र तिच्यापुढे ठेवलं तेव्हा ती म्हणाली, ‘आजीचा दोर तुटला म्हणून पोहरा आडात पडला, तर आजी नुसती हळहळत नाही बसली, गळ आणायला गेली.’ मुख्याध्यापकांसमोर बाकी काही न बोलता अशी दोन पानं ठेवा.

येत्या सोमवारसाठी कोणतं पुस्तक घेताय आणि त्यातले कोणते तीन शब्द निवडलेत, ते मला कळवा. विषय ठरला नसेल तर मुलांचे पालक काय काम करतात ते लिहा, त्यावरून ठरवू.